विश्लेषण : एक वर्ष वाढवून ‘मायनर’ घेतल्याने अमेरिकेत लॉ स्कूलला प्रवेश मिळतो का?

अमेरिकेत कायद्याची ‘जेडी’ ही तीन वर्षांची पदवी बहुधा चार वर्षांच्या पदवीनंतरच घेता येते. त्यामुळे ‘आणखी एक वर्ष थांबून चांगला मायनर घेऊ का’ हा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांना पडतो. तिथे मुले शिकत असलेल्या मराठी पालकांसाठी तो थेट फीचा प्रश्न आहे.

मायनरला वजन किती?
फार थोडे. अमेरिकन बार असोसिएशन कोणत्याही एका विषयाची शिफारस करत नाही. प्रवेशात सर्वाधिक वजन दोन आकड्यांना असते : १२० ते १८० या पट्टीवरचे ‘एलसॅट’चे गुण आणि पदवीचा जीपीए. या दोन्हींचे मध्यांक प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी जाहीर करावे लागतात. मायनरचा मध्यांक कुणी जाहीर करत नाही! पेटंट वकिलीचे मात्र वेगळे. तिथल्या नोंदणी परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे पुरेसे शिक्षण लागते.

जादा वर्षाने जीपीए वाढतो?
वाढतो, पण थोडा. १२० क्रेडिटना ३.४ जीपीए असलेल्याने आणखी ३० क्रेडिटमध्ये सर्वत्र ४.० मिळवले, तरी एकूण जीपीए ३.५२ होतो. एवढ्यासाठी वर्षभराची फी आणि राहण्याचा खर्च!

नियमाची मेख कुठे?
अर्जासाठी जीपीए ‘लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल’ स्वतः मोजते. त्यात पहिली पदवी मिळण्यापूर्वीचेच विषय धरले जातात. पदवी हाती पडल्यावर घेतलेले जादा विषय किंवा एमएचे गुण हा आकडा हलवत नाहीत. एखादा विषय पुन्हा घेतला आणि गुणपत्रिकेवर जुना ग्रेड व क्रेडिट कायम असले, तर तेही मोजले जातात.

मग करावे काय?
केवळ मायनरच्या नावासाठी वर्ष वाढवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पहिल्या वर्षी गुण घसरले आणि नंतर सावरले, तर पदवीपूर्वीचे एखादे जादा सत्र समजण्यासारखे आहे. एरवी वेळेत पदवी घ्यावी आणि ते वर्ष नोकरी व एलसॅटच्या तयारीला द्यावे. जीपीए पदवीबरोबर गोठतो. एलसॅट पुन्हा देता येते. मायनर आवडीचा असेल तर चार वर्षांतच बसवावा. कर्ज मात्र आवडीने फिटत नाही.