पदवी संगणकाची, बुद्धी कारकुनाची!

परीक्षेचे दिवस जवळ आले की महाविद्यालयांभोवतीच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक धंदा तेजीत येतो. काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे जाडजूड ग्रंथ तेथे हवे तितके मिळतात. विषय ठरलेले : ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम, हॉटेल बुकिंग. बीसीए, बीबीए (सीए), बीएस्सी आयटीच्या विद्यार्थ्यांची ही ‘ब्लॅक बुके’! ज्या रुग्णालयाची प्रणाली मांडली त्याची पायरी अनेकांनी चढलेली नसते. प्रोग्राम विकतचा, आकृत्या गेल्या वर्षीच्या, पहिल्या पानावरचे नाव तेवढे नवे. बाहेरून आलेला परीक्षक घाईघाईने व्हायवा उरकतो आणि देशाला आणखी एक ‘माहिती प्रणाली तज्ज्ञ’ लाभतो. याला शिक्षण म्हणायचे तर फसवणूक कशाला म्हणायचे?

अभ्यासक्रम वाईट आहे म्हणावे, तर तसेही नाही. लोकांची गरज कशी तपासावी, माहितीचे तक्ते कसे आखावेत, एसक्यूएल या भाषेत त्यांना प्रश्न कसा विचारावा, हिशेब, साठा, पगार ईआरपी या एकाच प्रणालीत कसे गुंफावेत, माहितीची राखण कशी करावी, हे सारे त्यात आहे. एडगर कॉडने १९७० साली मांडलेल्या तक्त्यांच्या सिद्धांतावर आजही बँकांचे व्यवहार उभे आहेत. व्यवहार जाणणारा आणि यंत्रही जाणणारा माणूस घडावा, एवढ्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी माहिती प्रणाली या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा मिळवून दिला. आमच्याकडे त्याच विद्येच्या ‘आयएमपी’ प्रश्नांची गाइडे झाली!

याची किंमत कोण मोजतो? पाठ्यपुस्तकात एक प्रकरण असते : नवी प्रणाली लागू कशी करावी. आधी लहान विभागात चाचणी घ्या, जुनी-नवी काही काळ समांतर चालवा, मग टप्प्याटप्प्याने पुढे जा. एका झटक्यात सगळे बदलणे सर्वांत धोक्याचे. हे धडे ज्याच्या वर्गांतून दिले जातात त्या मुंबई विद्यापीठाने २०१७ साली काय केले? १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला काढल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी मुलांची फरफट झाली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना घरी जावे लागले. जे वर्गात शिकवायचे ते कचेरीत पाळायचे नाही, तर शिकवता कशाला?

ब्रिटनमध्ये तर माणसे तुरुंगात गेली. तिथल्या पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ या हिशेब प्रणालीने न झालेली तूट दाखवली. यंत्र बरोबरच असणार, हे गृहीत धरून १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक उपपोस्टमास्तर दोषी ठरवले गेले. काहींनी जीव दिला. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. आकडा पडद्यावर आला म्हणून तो खरा मानायचा नाही, हा या विद्येचा पहिला धडा. आमच्या किती वर्गांत तो शिकवला जातो?

२०२४ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, राज्याने प्रवेशासाठी सीईटी घेतली. तेव्हा काही संस्थांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून पळवाट काढली. पाटी बदलायला जी चपळाई दाखवली तिचा दशांश जरी प्रयोगशाळेत दाखवला असता!

आमची मागणी साधी आहे. विकतचा प्रकल्प सापडला तर शून्य गुण, आणि तो डोळे मिटून मान्य करणाऱ्या मार्गदर्शकाला जाब. प्रत्येक प्रकल्प खऱ्या ठिकाणचा हवा : गावची पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती, सरकारी दवाखाना. विद्यार्थ्याने आधी तिथल्या रांगेत उभे राहावे, खिडकीतल्या कारकुनाशी आणि खिडकीबाहेरच्या म्हातारीशी बोलावे, मगच संगणक उघडावा. मुंबईचा निकालगोंधळ आणि होरायझन प्रश्नपत्रिकेत सक्तीचे करा. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा शिकवल्याशिवाय पदवी देऊ नका. व्हायवात प्रोग्राम परीक्षकासमोर बदलून दाखवायला लावा.

उद्या शिष्यवृत्ती कोणाला, रेशन कोणाला, कर्जमाफी कोणाला, हे याच मुलांनी आखलेल्या तक्त्यांवरून ठरणार आहे. नक्कल करून पास झालेल्यांच्या हाती गरिबाचे नाव सोपवणे हा गुन्हा आहे, आणि विद्यापीठे त्यात भागीदार आहेत. विद्यार्थ्यांनो, तेव्हा तुम्हीच बंड करा : ते काळे पुस्तक विकत घेऊ नका!