सहीमागची संमती आणि कंपनीची संस्कृती

कारखान्यातील कामगाराला दिवसाचे किती तास राबवावे, या प्रश्नाचे उत्तर देशातील अनेक राज्यांनी २०२५ मध्ये नव्याने लिहिले. गुजरात सरकारने जुलैमध्ये अध्यादेश काढून दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेली आणि सप्टेंबरमध्ये तेथील विधानसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहिली; मात्र विश्रांतीविना सलग काम ५ ऐवजी ६ तास आणि तिमाहीतील ओव्हरटाइम ७५ ऐवजी १२५ तासांपर्यंत घेण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने त्याच सप्टेंबरमध्ये १२ तासांच्या प्रस्तावाला मान्यता दिली. गोव्यातही कामाचे तास वाढविणारी दुरुस्ती विधानसभेपुढे आली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. गुजरातच्या दुरुस्तीत आणि केंद्राच्या संहितेत एक अट समान आहे: जादा कामासाठी कामगाराची संमती हवी. या नव्या व्यवस्थेत कामगाराचा मुख्य आधार हाच एक शब्द आहे. तो खरा ठरेल की नाही, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात ठरत नाही. ते कंपनीच्या आत ठरते.

वडोदऱ्याच्या उत्तरेकडील समा या भागाकडे पाहिले की, हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. समा ही मुख्यतः राहती वस्ती. येथून निघणारा रस्ता सावलीच्या दिशेने जातो आणि त्या बाजूला मंजुसरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. दिल्ली मेट्रोचे डबे बांधणारा कारखानाही सावलीचाच. अशा वस्तीत राहून कारखान्यात जाणाऱ्या माणसाचा दिवस पाळीच्या भोंग्याने सुरू होत नाही आणि भोंग्याने संपतही नाही. जाण्यायेण्याला मिळून दीड तास धरला, तरी १२ तासांची पाळी साडेतेरा तासांची होते. उरलेल्या साडेदहा तासांत झोप, जेवण, मुलांचा अभ्यास आणि घरातील आजारपण बसवावे लागते. दुसरीकडे, १२ तासांचे चार दिवस भरले की आठवड्याचे ४८ तास पूर्ण होतात आणि तीन दिवस मोकळे मिळतात. गाव दूर असलेल्या तरुणाला ही सोय हवीशीही वाटेल. म्हणजे एकाला जी सोय, तीच दुसऱ्याला शिक्षा. म्हणूनच निवड ज्याची त्याने करायची, हे तत्त्व योग्य आहे. पण निवड करण्याची मोकळीक त्याला आहे का?

संमतीपत्रक ही कागदाची गोष्ट आहे. नेमणुकीच्या दिवशी दहा कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यांत अकरावा सहज मिसळतो. कायम कामगाराला संघटनेचा थोडाफार आधार असतो. ठेकेदारामार्फत आलेल्या कंत्राटी कामगाराला तोही नसतो. आज ‘नाही’ म्हटले तर उद्यापासून बोलावणे येणार नाही, ही भीती त्याला कोणी बोलून दाखवावी लागत नाही. महिलांच्या रात्रपाळीलाही गुजरातने संमतीच्या आणि सुरक्षेच्या अटींवर परवानगी दिली आहे. तेथेही हाच पेच आहे. नकार दिल्याची किंमत मोजावी लागत असेल, तर होकाराला अर्थ उरत नाही.

कंपनीची संस्कृती म्हणजे काय, याचे उत्तर येथे सापडते. अलीकडे व्यवस्थापनाच्या भाषेत हा शब्द फार सैल वापरला जातो. प्रवेशद्वारावरील मूल्यांचा फलक, वार्षिक स्नेहसंमेलन, दिवाळीची भेट, ‘आपण सारे एक कुटुंब’ ही घोषणा, या सर्वांना संस्कृती म्हटले जाते. प्रत्यक्षात संस्कृती म्हणजे त्या ठिकाणी न सांगता पाळला जाणारा नियम. आणि तो नियम ओळखण्याची सर्वांत सोपी खूण एकच: वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे पुढे काय होते?

वडोदऱ्याला उद्योगाची जुनी परंपरा आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. १९०७ मध्ये त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक उभी राहिली, तर १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही त्यांनी राखणीची जबाबदारी सोपवली. त्या काळाचा विचार करता हे धाडस होते. माणसावर आधी विश्वास टाकायचा, ही त्या वाडीची संस्कृती होती आणि ती संस्थापकाच्या वागण्यातून आली होती.

मात्र त्या पिढीच्या उद्योगविश्वाला एक मर्यादाही होती. मालक मायबाप असे. तो घर देई, शाळा काढी, अडीअडचणीला उभा राही. पण हे सारे त्याच्या चांगुलपणावर अवलंबून होते. कृपा करणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते. आजच्या ‘कुटुंब’ या घोषणेत त्याच मायबापपणाची छाया आहे; फरक इतकाच की, पूर्वीची वसाहत आणि आयुष्यभराची नोकरी आता बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. कर्तव्य तेवढे कुटुंबाचे आणि करार मात्र अकरा महिन्यांचा, अशी ही विसंगती आहे.

नकाराचा अधिकार दिल्याने उत्पादन बुडते, हा समज मात्र अनुभवाला धरून नाही. जपानच्या टोयोटा कंपनीत जुळणीच्या रांगेवरील कोणताही कामगार दोष दिसताच दोरी ओढून इशारा देऊ शकतो आणि वेळ पडल्यास रांग थांबते. ही पद्धत त्या कंपनीच्या गुणवत्तेचा पाया मानली जाते. अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओनील यांनी स्वीकारली, तेव्हा त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेला पहिला क्रम दिला. गुंतवणूकदार चक्रावले. पुढील वर्षांत अपघात झपाट्याने घटले आणि नफाही वाढला. याचे कारण साधे होते. धोका दिसला तर बोलायचे, हे एकदा रुजले की माणसे उत्पादनातील त्रुटींबद्दलही बोलू लागतात.

उलट बाजू पुण्याने पाहिली आहे. २०२४ मध्ये तेथील एका बड्या संस्थेत रुजू झालेल्या तरुण सनदी लेखापाल महिलेचा काही महिन्यांतच मृत्यू झाला. कामाच्या अतिताणाबद्दल तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाल्याचा आरोप संस्थेने फेटाळला. परंतु अंत्यसंस्काराला संस्थेतील कोणीही गेले नव्हते, याबद्दल प्रमुखांनी खेद व्यक्त केला आणि असे वागणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे सांगितले. प्रमुखाच्या मनातील संस्कृती आणि कार्यालयातील सर्वांत नव्या माणसाच्या वाट्याला येणारी संस्कृती यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून दिसले.

हे अंतर कमी करण्याचे काम प्रमुखाचेच आहे आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. जादा कामाची संमती एकदाच न घेता दर वेळी घ्यावी आणि ती मागे घेण्याची मुभा असावी. पाळ्यांचे वेळापत्रक आधी लावावे. नकारांची नोंद मनुष्यबळ विभागाने नव्हे, तर प्रमुखाने स्वतः पाहावी. सलग कित्येक महिने एकही नकार नसेल, तर ती समाधानाची नव्हे, काळजीची बाब समजावी. बढती आणि वेतनवाढ ठरविताना थांबलेले तास मोजू नयेत. ठेकेदाराच्या माणसांनाही हेच नियम लागू करावेत. आणि प्रमुखाने रात्रपाळीला अधूनमधून कारखान्यात यावे, तेही आगाऊ वर्दी न देता.

लहान उद्योजक यावर म्हणेल की, मागणी वेळेत पुरी केली नाही तर ग्राहक दुसरीकडे जातो. त्याची अडचण खरी आहे. पण कारागीर सोडून गेला, तर नवा माणूस तयार होईपर्यंत वाया जाणारा माल आणि वेळ हाही खर्चच असतो. तो हिशेबाच्या वहीत वेगळा दिसत नाही, एवढेच. शिवाय थकलेल्या हातांच्या चुका आणि अपघात बाराव्या तासाला वाढतात, आठव्या तासाला नाही.

वेर्णा, कुंडई किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत चित्र फार वेगळे नाही. परराज्यांतून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि ठेकेदारावर विसंबलेला कामगार येथेही मोठ्या संख्येने आहे. कामगार खात्याचे निरीक्षक सह्या तपासू शकतील. सही करताना मनात भीती होती की नाही, हे त्यांना तपासता येणार नाही. ते फक्त त्या कारखान्याच्या मालकाला ठाऊक असू शकते, आणि तेही त्याने जाणून घ्यायचे ठरवले तर. कायद्याने तास वाढविण्याचे स्वातंत्र्य मालकांना दिले आहे. ते न वाढविण्याचे स्वातंत्र्य कामगाराला खरोखर मिळते का, यावर त्या कंपनीची संस्कृती जोखली जाईल.