इंजिन बदलले, पण बसवले कशावर?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात असा निर्वाळा दिला की, कारखानदाराने ज्या स्वरूपात वाहन विकले आणि ज्या वर्णनानिशी त्याची नोंदणी झाली, त्या वर्णनाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षी संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती केली आणि अशा फेरबदलांसाठी अटी व मानके ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. एका हाताने दार लावले गेले आणि दुसऱ्या हाताने खिडकी किलकिली झाली. तेव्हापासून जुन्या गाड्यांविषयी जी चर्चा चालू आहे ती प्रामुख्याने वयाची आणि धुराची आहे. दहा वर्षे की पंधरा वर्षे, भंगारात की पुनर्नोंदणीस, एवढ्यावरच ती घुटमळते. जुन्या गाडीत वेगळे इंजिन बसविले जाते तेव्हा ते नेमके कशावर बसते, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी विचारल्याचे आढळत नाही. प्रवाशाच्या जिवाचा संबंध मात्र वयापेक्षा या प्रश्नाशी अधिक जवळचा आहे.

इंजिन बदलण्याची ही विद्या आपल्याकडे हौसेतून जन्मली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. शेती आणि मालवाहतूक यांच्यासाठी डिझेल मात्र स्वस्त ठेवले गेले. या तफावतीने टॅक्सीवाला, मोफसलचा जीपवाला आणि अँबॅसडर बाळगणारा छोटा व्यापारी या सर्वांचे गणित बदलून टाकले. अँबॅसडरचे मूळ इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे, पेट्रोलवर चालणारे. जीपचे त्याहून मोठे आणि त्याहून खादाड. डिझेल इंजिनाच्या मोटारी कारखान्यांतून पुरेशा संख्येने बाहेर पडण्याची वाट पाहण्यास ज्याचे पोट रोजच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे तो तयार नव्हता. गॅरेजमधील मिस्त्रीने ते काम अंगावर घेतले. आकुर्डीच्या कारखान्यात बनणाऱ्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन अँबॅसडरच्या बॉनेटखाली गेले, ट्रॅक्टरच्या जातीची इंजिने जीपमध्ये गेली आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडाप जीपा वर्षानुवर्षे अशाच उसन्या हृदयांवर धावल्या. त्या काळातील सार्वजनिक वाहतुकीची उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत या अनामिक मिस्त्र्यांचा वाटा मोठा आहे. तो कोणत्याही सरकारी अहवालात नोंदला जाण्यासारखा नव्हता, कारण त्यातील बरेचसे काम कायद्याच्या नजरेआड चालले होते.

गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात तो इंजिनाचा आधार म्हणजे पोलादी ब्रॅकेट आणि रबराचा ठोकळा एवढाच ऐवज दिसतो. दिसायला क्षुल्लक असलेल्या या वस्तूला परस्परविरोधी कामे करावी लागतात. इंजिनाचे वजन पेलायचे, त्याला जागेवरून हलू द्यायचे नाही, आणि तरीही त्याची थरथर गाडीच्या सांगाड्यात उतरू द्यायची नाही. पूर्वी इंजिने सांगाड्याला थेट बोल्टांनी जखडली जात. १९३१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर अशा बेताने तोलून बसविले की, ते आपल्या नैसर्गिक अक्षाभोवती डोलू शकेल. ही युक्ती पुढे फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनेही उचलली. तेव्हापासून आधाराची रचना हा अंदाजाचा विषय राहिला नाही, हिशेबाचा झाला.

तो हिशेब महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज उमजेल असा आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांनी संथ चालत असेल, तर दर फेरीला दोन स्फोट या प्रमाणात सेकंदाला २५ धक्के बसतात. रबरावर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या या आकड्याच्या जवळपास असली तर थरथर कमी होण्याऐवजी वाढते. ती सतराच्या खाली गेली तरच रबराचा उपयोग सुरू होतो आणि आठाच्या आसपास आली तर प्रवाशाला सुख लाभते. आता आठ कंपनांसाठी इंजिनाच्या वजनाने रबर ढोबळ मानाने चार मिलिमीटर दबले पाहिजे. म्हणजे ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही अशा मिस्त्रीलाही साध्या मोजपट्टीने रबराची निवड तपासता येते. परंतु ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. त्याच्या हाताशी जे रबर असते ते बहुधा त्याच इंजिनाच्या मूळ गाडीचे. म्हणजे टेम्पोच्या जाड सांगाड्यासाठी, टेम्पोच्या चालकाच्या सहनशीलतेसाठी बनविलेले. ते मोटारीत आले की आरसे थरथरतात, डॅशबोर्डचे स्क्रू निखळतात, आणि ‘डिझेल आहे, चालायचेच’ असे म्हणून मालक स्वतःची समजूत घालतो.

थरथर ही गैरसोय झाली. धोका दुसरीकडे आहे. इंजिन चाकांना जेवढ्या जोराने फिरवते तेवढ्याच जोराने ते स्वतः उलट दिशेला कलू पाहते. गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला असल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये हा जोर कित्येक पटींनी वाढतो. उदाहरणादाखल, बारा किलोग्रॅम-मीटरचे इंजिन पहिल्या गिअरच्या चौपटीने अठ्ठेचाळीसचा पीळ देते. दोन बाजूंच्या आधारांत साठ सेंटिमीटरचे अंतर धरले तर एका आधारावर ८० किलो वजन जादा पडते आणि दुसऱ्यावरून तेवढेच उचलले जाते. त्या दुसऱ्या आधारावर मुळात सत्तरच किलोंचा भार असेल, तर घाट चढताना प्रत्येक वेळी तेथील रबर दाबले न जाता ताणले जाते. रबर दाब सोसते, घासण्याचा जोरही सोसते. परंतु ते जेथे धातूला चिकटविलेले असते तो सांधा ताणाखाली सर्वांत दुबळा असतो. त्यात वरून तेल गळत असेल आणि बाजूने सायलेन्सरचा पाइप तापत असेल, तर तो सांधा सुटण्यास फार दिवस लागत नाहीत.

सांधा सुटला तर काय होते याचे उत्तर अमेरिकेने मोठी किंमत देऊन मिळविले. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला शेवरोलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. १९६५ ते १९६९ च्या या गाड्यांमध्ये आधाराचे रबर सुटले की इंजिन एका बाजूने उसळे, त्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाई, वेग आपोआप वाढे, आणि इंजिन आणखी उसळे. ब्रेकला मिळणारे साहाय्यही त्या गडबडीत तुटू शके. यावर कंपनीने शोधलेला उपाय म्हणजे इंजिनाला उसळू न देणारी एक पोलादी तार होती. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या आरेखनात जी चूक राहून गेली, ती गल्लीतल्या गॅरेजात होणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. रबर फाटले तरी धातूने धातूला अडवावे, अशी अडकण आधारातच ठेवणे हा त्या प्रकरणाचा धडा. आणि पाच मिलिमीटरच्या पत्र्याचा एक तुकडा योग्य जागी वाकवून तो अमलात आणता येतो.

आधार रचताना मिस्त्रीपुढे आणखीही अडचणी असतात. इंजिन फार मागे गेले तर गिअरबॉक्स बोगद्याला टेकतो, पुढे आणले तर पंखा रेडिएटरला खेटतो. खाली उतरविले तर तेलाचे भांडे स्टिअरिंगच्या दांड्यांवर आपटते. त्याचा कोन चुकला तर प्रोपेलर शाफ्टचे सांधे गुणगुणू लागतात. या साऱ्यांतून वाट काढून इंजिनाची जागा ठरविणे हे चांगल्या मिस्त्रीला जमते. पुठ्ठ्याचा नमुना कापून, टाके मारून, पुन्हा काढून तो ते साधतो, आणि त्याचे कौतुकच करावयास हवे. जीपची गोष्ट वेगळी, तिला शिडीसारखी दणकट चासी असते. पण अँबॅसडर आणि पद्मिनी यांना स्वतंत्र चासी नाही. तेथे पत्र्याचे अंगच भार वाहते, आणि गंज लागलेल्या अशा अंगावर जाड ब्रॅकेट वेल्ड केला की ब्रॅकेट शाबूत राहतो व पत्रा त्याच्या कडेने चिरत जातो. ही चीर रंगाखाली असते. ती वर्षभराने दिसते, तोवर गाडी बहुधा दुसऱ्याला विकली गेलेली असते.

आता कायद्याकडे वळावे. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो, इंधनाचा प्रकार असतो, घन सेंटिमीटर असतात. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम या नोंदींभोवती फिरते. गॅस, वीज अशा अन्य इंधनावर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यास ते मुभा देते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड सांगितला. न्यायालयाच्या निकालामागील चिंता सुरक्षिततेची आहे आणि ती रास्त आहे. परंतु बंदीचा व्यवहारातला परिणाम असा की, उत्तम आधार बनविणारा आणि वाटेल तसे डकवून देणारा हे दोघेही कायद्यापुढे सारखेच अपराधी ठरतात. चांगले काम करून दाखविण्याचा कोणताच लाभ नसेल तर वाईट काम स्वस्त पडते. तपासणीला आलेल्या गाडीचा क्रमांक कागदाशी जुळला की काम झाले. क्रमांक जुळणाऱ्या गाडीच्या आधाराला तडा गेला आहे काय, हे वाकून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

डिझेलच्या मोहाचा काळ संपला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खराही आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले व जुनी तफावत विरून गेली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण प्रश्न निवृत्त झालेला नाही, त्याने फक्त वेष पालटला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्ली सरकारने अशा गाड्यांना विजेची मोटर बसवून जगू देण्याची तयारी दाखविली. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. शिक्षक, कारकून अशा ज्या माणसाने हप्ते फेडून एकच गाडी घेतली आणि ती जपून वापरली, त्याला भंगार आणि नवे कर्ज यांच्यामधला तिसरा मार्ग हवा आहे. इंजिन बदल हा तो मार्ग होऊ शकतो.

विजेच्या मोटरला स्फोटांचे धक्के नाहीत, म्हणून आधाराचा प्रश्न सुटला असे समजणे चूक ठरेल. तिचा पूर्ण जोर पहिल्याच क्षणी, शून्य वेगाला मिळतो, आणि तो आधारावर हातोड्यासारखा आदळतो. शिवाय बॅटरीचे वजन इंजिनाच्या जागी बसत नाही. ते डिकीत किंवा आसनाखाली जाते आणि टकरीच्या वेळी तेच प्रवाशांच्या पाठीवर येऊ पाहते. अशा संचांसाठी ‘एआयएस १२३’ हे मानक अस्तित्वात आहे आणि त्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांत पुण्याच्या टेकडीवरील एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अग्रभागी आहे. पण मान्यता मिळते ती विशिष्ट गाडीसाठी बनविलेल्या विशिष्ट संचाला. ज्या गाड्यांचे कारखाने बंद पडले आणि ज्यांची संख्या आता मोजकीच उरली, त्यांच्यासाठी चाचणीचा खर्च कोणता उद्योजक करील?

ऑस्ट्रेलियाने या बाबतीत वेगळी वाट धरली. तेथे हलक्या वाहनांतील फेरबदलांसाठी एक राष्ट्रीय संहिता आहे. गाडीच्या वजनाला किती मोठे इंजिन चालेल येथपासून नियम लिहिलेले आहेत, आणि मोठ्या फेरबदलाला अधिकृत अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. काम मिस्त्रीच करतो, परंतु त्या कामाखाली एका जबाबदार माणसाची सही असते. आपल्याकडे अभियंत्यांचा तुटवडा नाही. प्रत्येक जिल्ह्यात तंत्रनिकेतन आहे, त्यात यंत्रविषयाचे अध्यापक आहेत, आणि वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी विषय शोधत फिरणारे विद्यार्थी तर विपुल आहेत. अँबॅसडर, पद्मिनी आणि जुनी जीप या तीन गाड्यांच्या आधारांची तपासलेली आरेखने केंद्र सरकारने २०१९ च्या दुरुस्तीने मिळालेल्या अधिकाराखाली प्रसिद्ध करावीत. त्याबरहुकूम बनविलेल्या आणि अभियंत्याने सही केलेल्या कामाला परिवहन कार्यालयाने मान्यता द्यावी. वेल्डिंग शिकविणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रबर किती दबावे, अडकण कोठे असावी आणि गंजलेल्या पत्र्यावर भार कसा पसरावा, हे आठवडाभरात शिकविता येईल. यातील कोणतीही गोष्ट करण्यासाठी कायद्यात नव्याने बदल करावा लागत नाही. अधिसूचना काढावी लागते, आणि तपासनिसाने एकदा बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहावे लागते.