शटल रिक्षातला चौथा प्रवासी

लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथली आपली कितीतरी माणसे शटल रिक्षाने कामाला जातात. परवाना तीन प्रवाशांचा, बसतात पाच-सहा. रिक्षा उलटली की मालक दोन-पाच हजार पुढे करतो आणि आपण ‘कोर्टकचेरी कशाला’ म्हणून गप्प बसतो.

समाजबांधवांनो, भरपाई ही कोणाची मेहेरबानी नव्हे. चालकाच्या चुकीची जबाबदारी मालकावर आणि विमा असल्यास कंपनीवर येते. जास्त प्रवासी कोंबले म्हणून जखमीचा हक्क बुडत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अंजना श्याम खटल्यात ठरवले, की कंपनीने विम्यात धरलेल्या प्रवाशांइतक्याच, पण सर्वांत मोठ्या रकमा भराव्यात. त्या सर्व जखमींत प्रमाणात वाटायच्या. उरलेले मालकाकडून वसूल करायचे. कर्जाच्या रिक्षावाल्याकडून काय सुटणार, हे आपण जाणतोच. वाहतूक पोलिसांची डोळेझाक अशी जखमीच्या अंगावर येते.

१ एप्रिल २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण त्या भरवशावर राहू नये. गावी जाताना नंदुरबार-धुळ्याकडे अपघात झाला तरी राहत्या ठिकाणी, म्हणजे सुरतेतच, दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. हे फार थोड्यांना ठाऊक असते. पोलीस फिर्याद, गाडीचा नंबर, दवाखान्याची बिले जपा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका.

आणि मते मागायला येणाऱ्यांना विचारा, पाळी सुटताना पालिकेच्या बसफेऱ्या वाढवणार का?