नकाशामागची गोष्ट : ग्रीनलंडचा किनारा

बालमित्रांनो, ॲटलास उघडा बरं! अगदी वर ग्रीनलंडचा ईशान्य किनारा सापडला? १९०६ मध्ये डेन्मार्कची एक मोहीम त्याचा नकाशा करायला निघाली. पण किनारा जुन्या नकाशापेक्षा पूर्वेला कितीतरी लांब निघाला! वाट वाढली, अन्न संपलं. १९०७ च्या हिवाळ्यात मोहीमप्रमुख मिलियस-एरिकसन आणि नकाशे काढणारा हागेन परतवाटेवरच दगावले. उरला त्यांचा ग्रीनलंडवासी सोबती ब्रोनलुंड. पाय गोठलेले, तरी हागेनची रेखाटनं घेऊन तो अन्नसाठ्यापर्यंत पोचला. तिथंच त्यानं प्राण सोडला. १९०८ मध्ये शोधायला आलेल्या सोबत्यांना त्याच्याजवळ डायरी आणि ती रेखाटनं मिळाली. किनाऱ्याचा खरा आकार कळायला त्यांची मोठी मदत झाली. आता त्या रेघेवरून हळूच बोट फिरवून पाहा!