यंत्र निवडताना

गेल्या महिन्यात आमच्या गावातील एक शेतकरी गृहस्थ सायंकाळी आमच्याकडे आले. त्यांच्या कन्येने सॉफ्टवेअरचे शिक्षण आरंभिले असून तिला लॅपटॉप हवा होता. दुकानदाराने एक अतिशय महागडा नमुना दाखविला होता. आणि त्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवाव्यात की काय, या विवंचनेत ते होते. आम्ही त्यांस जे सांगितले, ते इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

बैल घेताना आपण शिंगांचा रंग पाहत नाही, खांदा पाहतो. लॅपटॉपचा खांदा म्हणजे त्याची रॅम, अर्थात चालू कामापुरती स्मृती. प्रोग्राम लिहिणाऱ्यास अनेक साधने एकाच वेळी उघडी ठेवावी लागतात व प्रत्येक साधन या स्मृतीतून आपला वाटा घेते. ८ जीबीवर शिकता येते, परंतु ओढाताण होते. १६ जीबी असल्यास काम सुखाने चालते. कित्येक पातळ लॅपटॉपांत ही रॅम कायमची जोडलेली असते व मागाहून वाढविता येत नाही. यास्तव हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा. साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क न घेता एसएसडी घ्यावी. खेळांसाठी असलेल्या भारी ग्राफिक्स कार्डाची सामान्य प्रोग्रामिंगला गरज नसते.

आता ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. ॲपलची मॅकओएस ॲपलच्याच यंत्रांसाठी असते. आयफोनची ॲप्स तयार करण्याचे एक्सकोड हे साधन तिच्यावरच चालते. ते काम करावयाचे नसेल, तर केवळ प्रतिष्ठेसाठी तो खर्च करू नये. विंडोज सर्वपरिचित आहे. तथापि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सबब जुने यंत्र घेताना त्यावर विंडोज ११ चालते की नाही, याची खात्री करावी. तिसरी लिनक्स. हिचा आरंभ १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. उबुंटूसारखी तिची रूपे विनामूल्य मिळतात, आणि इंटरनेटवरील बहुतेक सर्व्हर लिनक्सवरच चालतात. म्हणजे जी विद्या पुढे कामास येणार, तीच येथे फुकट शिकावयास मिळते. शिवाय एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवता येतात.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांस म्हटले, "दादा, आधी मुलीच्या शिक्षकांस विचारा. त्यांच्या अभ्यासक्रमास कोणती प्रणाली लागते ते कळल्यावर मगच दुकानाची पायरी चढा."

परवा ते पुन्हा आले. शिक्षकांच्या सल्ल्याने त्यांनी एका कचेरीत वापरलेला, १६ जीबी रॅमचा, दुरुस्त केलेला लॅपटॉप हमीपत्रासह घेतला होता. पाटल्या घरातच राहिल्या. मात्र कन्येची एक तक्रार त्यांनी हसत सांगितली: घरकामातून तिला त्यापुढे बसावयास वेळच मिळत नाही! ही तक्रार आम्हांस हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. मायबापहो, यंत्र कितीही उत्तम घेतले, तरी विद्या बैठकीनेच येते. मुलास जसे दोन तास निवांत देता, तसे मुलीसही द्या. त्यास तर काहीच गहाण ठेवावे लागत नाही.