मृत्यूचे कारण: ताप

कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढायला आजही लोक तहसील कचेरीत जातात, ती जातीच्या दाखल्यासाठी. पणजोबांचं नाव सापडलं की बोट जातीच्या रकान्यावर थांबतं. मृत्यूच्या कारणाकडे लक्ष जात नाही. तिथे बहुधा एकच शब्द असतो: ताप. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, सगळं त्यात. कोतवाल डॉक्टर नव्हता. घरच्यांनी सांगितलं ते त्याने पोचवलं. पटकी, देवी तेवढ्या ओळखू येत. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, मध्य प्रांत-वऱ्हाड होरपळला. तेही मृत्यू बरेचसे ‘तापा’तच जमा झाले. मन विषण्ण होतं. वाचकहो, घरात अशी नक्कल असेल तर तो दुसरा रकानाही वाचा, आणि आम्हाला कळवा.